मधली काळी पाच

चाचा,

तुमच्या पेटीतली मधली काळी पाच जरा चढी लागते, असं मला मागच्या आठवड्यात एका माणसाने कळवलं. माणूस कुठल्याशा थंड देशातला आहे, सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर पियानो जुळवत आलेला. त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही, अकोल्याचं नावही ऐकलेलं नसणार. तरी तुमच्या पेटीचा एकेक सूर त्याने ऐकला आहे, आणि त्याला कारण मी. हे कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं, पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. तुमच्या दुकानापासूनच करते.

अकोल्यात पेटी दुरुस्तीचं तुमचं दुकान खाली होतं आणि वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास. मी तेवीस वर्षांची, नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यातून आलेली, पोरांना माउस कसा धरायचा ते शिकवायचे. शिकवायचे म्हणजे लाईट असेल तेवढाच वेळ. लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारी बारा वाजले की पंखे थांबायचे, सगळे पडदे एकदम काळे व्हायचे आणि पोरं घरी पळायची. मला पळायला घर नव्हतं, पत्र्याची एक खोली होती, आणि ती क्लासपेक्षा तापलेली. मला जिन्यात बसलेली पाहून तुम्ही म्हणालात, "तठी कावून बसून राहिली वं बेटा? अंदर ये. उकडून मरशीन." मी आत आले, आणि पुढची तीन वर्षं रोज दुपारी येतच राहिले.

तुमच्या कामाला वीज लागत नव्हती. एक खिडकी, दोन स्टुलं, कानशी, आणि बोटाएवढ्या त्या पितळी पट्ट्या, ज्यांना बाकीचे लोक रीड म्हणतात आणि तुम्ही नुसतं सूर म्हणायचात. "हा सूर थकला." "ह्या सुराले पानी लागलं." मला आधी वाटलं, म्हातारा शायरी करतो. महिनाभराने कळलं की तुम्ही सरळसरळ पितळेबद्दल बोलत होता. सुराचं टोक खरवडलं की तो चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो, एवढं शिकायला एक दुपार पुरली. किती खरवडायचं ते शिकायला तीन वर्षं पुरली नाहीत. एकदा मी कानस जरा जोरात चालवली, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, नुसती कानस माझ्या हातातून काढून घेतलीत आणि खिडकीत ठेवलीत. "पितळ वापस येते का? पयले कान, मंग पेन्सिल, मंग हात. जल्दी कायची हाय तुले?" आणि त्या दिवशी मला परत कानस मिळाली नाही.

मधली ती पेन्सिल मला फार हास्यास्पद वाटायची. पेटी उघडली की झाकणाच्या आतल्या बाजूला तुम्ही बारीक अक्षरात लिहायचात: काय बिघडलेलं सापडलं, काय केलं, आणि का केलं. अर्धं मराठी, अर्धं उर्दू. एका झाकणात तुमच्याच हातच्या चार-चार नोंदी सापडायच्या. मी विचारलं, "हे वाचणार कोण चाचा?" तुम्ही म्हणालात, "मी मेल्यावर कोनी तरी उघडीनच ना. त्याले समजलं पायजे का ह्या सुराले कोनं आन् कावून छेडलं." मी हसले होते. हसण्यासारखंच वय होतं.

पेट्या खेड्यांतून यायच्या, भजनी मंडळांच्या. कापसाचं काय चाललं होतं ते आपल्याला पेपरच्या आधी पेट्यांवरून कळत होतं. पूर्वी त्या सप्ताहाच्या तोंडावर यायच्या, ठरलेल्या महिन्यांत. मग कधीही यायला लागल्या, घाईत, "उद्याच पायजे" म्हणत. मंडळांना सप्ताहापेक्षा तेरवीची बोलावणी जास्त येत होती. मोर्शीकडच्या एका मंडळाची पेटी एकाच महिन्यात दोनदा आली, तेव्हा ती आणणाऱ्या माणसाला तुम्ही काही विचारलं नाहीत. पाणी दिलंत आणि हातातलं काम बाजूला सारून त्याची पेटी उघडलीत. झाकणात तुमची जुनी नोंद होती, मंडळ काळी दोनमध्ये गातं म्हणून. माणूस म्हणाला, आता पांढरी एकमध्ये गातो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून आवाजाची उंची सांगायची ही आपली रीत, त्यामुळे मलाही कळलं की मंडळ बरंच खाली उतरलं आहे. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "जवान गळा राह्यला नाई त्याईच्यात." एवढंच. मग त्याची नवी पट्टी पेन्सिलने लिहिलीत आणि कामाला लागलात.

कोपऱ्यात हिरव्या कापडाखाली एक पेटी होती ती मात्र कोणाची नव्हती, मापाची होती. तुमच्या उस्तादांनी जुळवून, चारही स्क्रू पिळून तुम्हाला दिलेली. बाकी सगळ्या पेट्या तिच्याशी लावून जुळवायच्या. तिला उघडायचं नाही, असं उस्तादांचं सांगणं, आणि तीस वर्षांत तुम्ही ती उघडली नव्हती. दोन सूर एकत्र वाजवले आणि ते जवळजवळ एक असले पण अगदी एक नसले, तर आवाजात एक वाँव-वाँव उठते, तिला तुम्ही लहर म्हणायचात. मापाच्या पेटीत लहर नव्हती. खर्जातला, मधला, वरचा, कुठलाही सूर त्याच्या शेजारच्या सप्तकातल्या जोडीदाराबरोबर दाबा, एकच आवाज.

आता त्या शुक्रवारचं सांगते. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्या आठवड्यात बदललं होतं, दुपारी लाईट होती आणि पोरांना ते माहीत नसल्याने वर कोणी नव्हतं. तुम्ही दुकान माझ्या भरवशावर टाकून नमाजला गेला होतात. माझ्याकडे एक नवीन खेळणं होतं, कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं. फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर, कोणीतरी हौसेने लिहिलेलं. माइकसमोर सूर धरला की पडद्यावर काटा हलायचा आणि सूर चढा की उतरता ते दाखवायचा. मी मापाची पेटी उचलून वर नेली. काळी पाच ही माझी गाण्याची पट्टी, म्हणून आधी मधली काळी पाच वाजवली. काटा डावीकडे. उतरती. मला आनंद झाला, चाचा, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं जी पेटी कोणी उघडली नाही तिच्यात मी चूक पकडली होती. चार स्क्रू काढले, सुराच्या टोकावर दोन हात कानस चालवली, काटा मधोमध आला. बाकीच्या दोन काळ्या पाच मी त्यानंतर करणार होते. तेवढ्यात लाईट गेली. काटा गेला. मी अंधुक खोलीत स्क्रू पिळले, पेटी खाली आणली आणि वर हिरवं कापड घातलं. झाकणात काही लिहिलं नाही.

सोमवारी तुम्ही खर्जातली आणि मधली काळी पाच एकत्र दाबलीत आणि थांबलात. परत दाबलीत. माझ्याकडे न बघता म्हणालात, "लहर येऊन राहिली. तुले येते का ऐकू?"

मी म्हणाले, "मले तं काही येत नाही चाचा." आणि ते पुरे नव्हतं म्हणून वर म्हणाले, "मी कॉम्प्युटरवर लावून पाहिली आहे. बरोबर आहे ती."

माझा कान तेव्हा कच्चा होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. मी कॉम्प्युटर म्हटल्यावर तुम्ही ते मानलंत. वरच्या मजल्यावरच्या त्या डब्यांबद्दल तुम्हाला उगाचच आदर होता. पेटी उघडून बघायचं तुमच्या मनातही येणं शक्य नव्हतं, कारण ती उघडतच नाहीत. राहिला एकच दोषी. "मंग माहे कानच गेले म्हनायचे," असं म्हणून तुम्ही हसलात, आणि मी तुमच्याबरोबर हसले.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक पेटी जुळवून झाली की माझ्यापुढे सरकवायचात. "तू आयक." मी ऐकून मान हलवायचे. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलात. वयाच्या मानाने उत्तम आहेत म्हणाला, तर त्याच्यावर तुमचा विश्वास बसेना. डॉक्टरला लहर काय कळते, असं म्हणालात, आणि ते खरंच होतं. हळूहळू तुम्ही सूर जुळवणं सोडलंत. भाता शिवून दे, पट्टी चिकटवून दे, एवढंच उरलं. मंडळंही दुसरीकडे जाऊ लागली. मी लग्न होऊन अमरावतीला आले. दोन वर्षांनी चाचींचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. चाळीस दिवसांनंतर मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी हिरव्या कापडासकट पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुलेच द्या म्हनून गेले. म्हनत, पोरीचे कान माह्यापेक्षा पक्के." मी ती घेतली. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

पुढची कितीतरी वर्षं ती आमच्या घरी कपाटावर होती. मी नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते, अजूनही. तिथे एका निवांत दुपारी मला ते काट्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर परत दिसलं. म्हातारं झालं होतं, पण जिवंत होतं. हौशी लोकच ते चालवत होते, कोणी कुठल्या देशात, कोणी कुठल्या. आणि आता ते मोबाईलवरही चालत होतं, मराठीत दिसत होतं. मराठी कशी, तर पेटीच्या पट्टीला "किल्ली", चढ्या सुराला "धारदार" आणि उतरत्याला "सपाट". मी ऑफिसात एकटीच इतकी हसले की शिपाई डोकावून गेला. मग तिथे दिलेल्या ठिकाणी लिहिलं की बाबांनो, हे मराठी नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी सभ्य: सांगितल्याबद्दल आभार, तुम्हीच दुरुस्त करून पाठवता का?

म्हणजे हे असं असतं, चाचा. तिथे मालक नाही, मुकादम नाही. ज्याने चूक काढली त्याच्याच हातात कानस देतात. मी खातं उघडलं, सगळं सॉफ्टवेअर स्वतःकडे उतरवून घेतलं, आणि जोशात एका दमात एकतीस शब्द बदलून पाठवले. ते परत आलं. जी बाई ते काम तपासत होती तिने लिहिलं: एका वेळी एकच बदल पाठवा, आणि प्रत्येकाबरोबर एक ओळ लिहा, काय बदललं आणि का. उद्या कोणी हे उघडून बघेल तेव्हा त्याला कळायला हवं. मी ते वाचून खुर्ची मागे सरकवली. मग पहिला शब्द पाठवला: किल्लीच्या जागी पट्टी. कारण लिहिलं: आमच्याकडे पेटी वाजवणारे हाच शब्द वापरतात. चार दिवसांनी तो स्वीकारला गेला. एक शब्द. मी घरी जाताना पाव किलो जिलेबी नेली.

मग चटकच लागली. काटा सुरांची इंग्रजी नावं दाखवायचा, त्यांच्या जोडीला मी आपली नावं घातली, काळी एक, पांढरी एक अशी. सॉफ्टवेअरवाले मोजणी शून्यापासून करतात, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. पंधरा दिवसांनी मोर्शीच्या एका मंडळाच्या बुवांचा फोन आला, नंबर त्यांना कुठून मिळाला कोण जाणे. "ताई, तुमचं ते मोबाईलवालं पाहून राहिलो. समदं बेस हाय. पन हे काळी शून्य कोनती व? आमच्या पेटीत तं नाई." मी माफी मागितली. म्हणाले, "माफी नोका मागू, शून्य काढा फक्त." शून्य काढलं, कारण लिहिलं. तुम्ही असता तर ती काळी शून्य तुम्ही गावभर सांगितली असती.

शेवटी पेटीवर आले. सॉफ्टवेअरमध्ये आधार म्हणून वाजणारा सूर डासासारखा होता. मी विचारलं, खऱ्या पेटीचे सूर ध्वनिमुद्रित करून देऊ का? सगळ्यांना आवडलं. एका रविवारी दुपारी स्वयंपाकघराचं दार लावलं, फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, आणि तुमच्या मापाच्या पेटीचे सगळे सूर एकेक करून टिपले. झाकण उघडलं नाही. सोबत लिहिलं: अकोल्याच्या एका जुन्या कारागिराची मापाची पेटी, तिच्यात कधीच बदल केलेला नाही. आता ती कुठेकुठे वाजते. त्या मोर्शीच्या मंडळात वाजते, आणि त्या थंड देशातल्या म्हाताऱ्याकडेही.

तर त्याने लिहिलं ते असं. पेटी अप्रतिम आहे, ज्याने जुळवली तो मोठा माणूस असणार. सगळ्या काळ्या पाच बाजारातल्या मापापेक्षा जराशा उतरत्या आहेत, त्या जाणूनबुजून तशा ठेवल्यात हे कळतं, आणि कानाला गोड लागतं. फक्त मधली तेवढी चढी आहे. खालच्या जोडीदाराबरोबर तिची लहर येते. आणि शेवटी: माझं वय झालं आहे, कदाचित माझेच कान गेले असतील; यंत्रावर बघून तेवढं सांगाल का, तसं असेल तर मी जुळवण्याचं काम थांबवतो.

उस्तादांनी काळी पाच मुद्दाम उतरती ठेवली होती, हे मला त्या पत्राने कळलं. काट्याला एकच माप माहीत होतं, आणि मी काट्यावर विश्वास ठेवून तुमच्या सबंध पेटीतली एक पट्टी बाजारात आणून बसवली.

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मधली काळी पाच यंत्रावर सहज उतरवता येते, एका मिनिटाचं काम आहे, आणि कारणात "ध्वनिमुद्रणातला दोष" असं लिहिता येतं. तसं मी लिहूनही पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुसलं आणि त्याला लिहिलं: तुमचे कान शाबूत आहेत, काम थांबवू नका. पेटी बरोबर होती. मधला सूर मी खरवडला, मालकाला न विचारता, आणि नंतर सांगितलं नाही. ते पाठवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्याचं उत्तर तासाभरात आलं. आभार मानले होते, आणि विचारलं होतं, त्या कारागिराला हे ठाऊक होतं का?

काल पेटी खाली काढली. चार स्क्रू काढले. झाकणात उस्तादांची एक ओळ होती, उर्दूत, मला वाचता येत नाही. तिच्याखाली पेन्सिलने लिहिलं: मधली काळी पाच, टोकाला दोन हात, गरज नव्हती. तारीख आठवत नाही, नुसतं शुक्रवार घातलं. सूर तसाच ठेवला. पितळ वापस येत नाही. मुळाशी खरवडून तो खाली आणता येईल, पण तुमच्या पेटीला परत हात लावायचं माझं धाडस नाही.

त्या माणसाच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला लिहायला बसले ते त्यामुळे, नाहीतर हेही लिहिलं नसतं, आणि हे कुठे पाठवायचंही नाही. माझा कान कच्चा होता असं मी वर लिहिलं आहे. तेवढं खोडते. त्या सोमवारी तुम्ही विचारलंत, तुले येते का ऐकू.

येत होती, चाचा. पहिल्याच दाबाला आली होती.